एका किटलीच्या चौघी

गाफियाला कुणी ‘बिचारी’ म्हटलेलं खपत नसे. चोरटी म्हणा, नशेबाज म्हणा, ती निमूट ऐकून घेई, कारण त्यात खोटं असं काही नव्हतं. पण ‘बिचारी’ हा शब्द निघाला की तिचा पारा चढे. पहिल्या शिक्षेच्या वेळी राजधानी चिशिनाऊहून चर्चची एक बाई कैद्यांना भेटायला आली होती. तिनं गाफियाच्या डोक्यावरून हात फिरवत नेमका तोच शब्द वापरला. गाफियानं तिचा हात अलगद बाजूला केला आणि म्हणाली, “जरा सांभाळून हं, केसांत उवा आहेत माझ्या.” उवा-बिवा काही नव्हत्या. ती बाई मात्र पुन्हा त्या बराकीकडे फिरकली नाही.

ओर्हेईच्या अलीकडचं तिचं गाव. दारात द्राक्षाचा मांडव, तळघरात वाइनचं पिंप आणि परसात खसखशीचा वाफा, म्हणजे आमच्याकडे कुणाच्याही घरी असतं तेच. ती खसखस नाताळच्या गोड पोळ्यांत जायची. गाफिया मटार आणि टोमॅटो बरण्यांत भरायच्या कारखान्यात कामाला होती. मग मॉस्कोचं जुनं राज्य गेलं, कारखाना बंद पडला आणि तिचा नवरा तुदोर मॉस्कोला इमारती बांधायला गेला तो तिकडचाच झाला. धाकटा भाऊ पावेल सैन्यातून परत आला तेव्हा त्या खसखशीचा दुसरा उपयोग शिकून आला होता. घरचं पीक, घरचं पातेलं आणि गावच्या दवाखान्यातून ढापलेली काचेची एक सिरिंज. तिच्यावर पावेल, गाफिया आणि शेजारची तीन पोरं अशा पाच जणांचं भागायचं. सिरिंज उकळायची म्हणजे सणावारी. तेव्हा गावात कुणाला रक्तातल्या विषाणूचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पावेल तिच्या डोळ्यांदेखत पिवळा पडला, त्याचं पोट फुगलं आणि तो गेला. डॉक्टरनं दारूवर खापर फोडलं. पावेल दारूला शिवत नसे.

पुढचं आयुष्य आत-बाहेर करण्यात गेलं. कधी चोरी, कधी पुड्या विकणं. पहिल्या शिक्षेच्या वेळी तिच्या रक्तात हेपटायटिस सी निघाला आणि तुरुंगाच्या स्वयंपाकघरानं तिच्या वाडग्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला. एचआयव्ही असो की सी, जिचं रक्त खराब तिचं भांडं लाल, असा तेव्हाचा हुकूम होता. लाल वाडग्यावाल्यांनी वेगळ्या बाकावर बसायचं. बाकीच्या बायका त्यांच्या वाडग्याला चमचा लागला तरी तो घासून घासून झिजवायच्या. त्याच सुमाराला गाफियाला खिडक्या रंगवायचं काम मिळालं. एका रविवारी सगळे प्रार्थनेला गेले असताना तिनं स्वयंपाकघरातलं एकूण एक वाडगं लाल केलं. पहारेकऱ्यांचे कप केले, वॉर्डनबाईची किनारीची बशीसुद्धा सोडली नाही. तिला कोठडीत टाकलं. पण नवीन वाडगी काही कुणी विकत आणली नाहीत आणि तुरुंगातल्या झाडून सगळ्या बायका वर्षभर लाल वाडग्यात मामालिगा, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, खात होत्या. कोण खराब नि कोण चांगली, कुणालाच ओळखू येईना.

ही गोष्ट आहे तिच्या तिसऱ्या शिक्षेतली. तोवर ती पन्नाशीला टेकली होती. समोरचे दोन दात गेले होते, जिभेची धार मात्र शाबूत होती. आमच्याकडे बायकांच्या तुरुंगात एकटीनं राहता येत नाही. दोघी-चौघी मिळून एक घर करतात. घर म्हणजे एक किटली. एकीच्या पार्सलातली साखर, दुसरीची चहापत्ती, तिसरीच्या आईनं धाडलेलं मेंढीचं चीज, सगळं एकत्र होतं. चहा एकाच मगातून फिरतो. एकीला ताप आला तर दुसरी तिच्या वाटणीचं काम करते. आणि किटली वेगळी करणं म्हणजे सख्ख्या बहिणींनी चुली वेगळ्या मांडाव्यात तसं. त्याच्यापेक्षा वाईट भांडण तुरुंगात नसतं.

गाफियाच्या किटलीत चौघी होत्या. झाम्फिरा चिशिनाऊच्या ट्रॉलीबसवर कंडक्टर होती. तिचा आवाज असा, की तिनं ‘चहा’ म्हटलं तरी लोक खिशात तिकीट चाचपतील. रिम्मा बाल्त्सी शहरातली, केस कापणारी, देखणी आणि भांडकुदळ, अंगावर चिमटाभर मांस नाही. सावेता सगळ्यांत लहान. इटलीत एका म्हातारीची सेवा करायला गेली, तिथून सामानात नको ते घेऊन आली आणि विमानतळावर सापडली. तिची मुलगी काहूलला आजीकडे वाढत होती.

या चौघी नशा करायच्या का? करायच्या. गाफिया मेथाडोन घेत होती, म्हणजे ओढ शमवणारं ते गोड औषध रोज सकाळी नर्ससमोर प्यायची. तरीही अधूनमधून तिचा पाय घसरायचा. आमच्याकडचा कायदा असा, की तुरुंगात नशा आणणं गुन्हा, पण नवी सुई घेणं गुन्हा नाही. शिवणकाम करणारी एक कैदी बाई जुन्या सुया घेऊन नव्या देत असे, नाव न विचारता. त्यामुळे आपल्याला आता काही व्हायचं नाही, या समजुतीत चौघी निर्धास्त होत्या. प्रत्येकीची सुई नवी होती. फक्त जिथून सगळ्या सुईत नशा ओढायच्या ते पातेलं एक होतं. म्हणजे चहाचाच एक जुना चिनी मातीचा मग. घरातल्या माणसांनी वेगवेगळ्या भांड्यांतून घ्यायचं हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग सावेताची तपासणी झाली. ती आली तेव्हा तिचं रक्त स्वच्छ होतं. आता त्यात सी निघाला.

“असं कसं होईल?” गाफिया डॉक्टर बोतनारूंच्या टेबलावर ओणवी झाली. “मी स्वतः बघितलंय. पोरीनं एकदाही जुनी सुई लावलेली नाही.”

बोतनारू थकलेला पण सरळ माणूस होता. तुरुंगात एकटा डॉक्टर म्हणजे दात, बाळंतपण आणि वेड, सगळं त्याच्याच गळ्यात. त्यानं चष्मा काढून पुसला.

“पहिल्यांदा बुडवता तेव्हा सुई नवी,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा बुडवता तेव्हा?”

गाफिया खुर्चीत बसली. तिला पावेलचं पातेलं दिसत होतं. इतकी वर्षं ती सुईला दोष देत आली होती.

त्या दुपारी तिनं जॅमच्या बाटल्यांची चार झाकणं घासून पलंगावर मांडली.

“हे काय?” रिम्मानं विचारलं.

“आजपासून जिचं तिचं. मगात कुणी हात घालायचा नाही.”

“म्हणजे मी घाण?”

“घाण मी आहे. तुझं नुसतं डोकं फिरलंय.”

“चूल वेगळी करायचीय तर तोंडानं सांग ना!” रिम्मा ताडकन उठली. “झाकणं कसली मांडतेस? दोन वर्षं माझी साखर गिळलीस, आणि आता मी बुडवलेलं चालत नाही होय गं तुला?”

बराकीतल्या साऱ्या माना वळल्या. झाम्फिरा मध्ये पडायला गेली, तर रिम्मानं तिला ढकललं. गाफियानं रिम्माचे दोन्ही दंड धरले.

“ऐक. माझा भाऊ त्या एका पातेल्यापायी मेला. मला आज कळलं, आज! सावेताला आपण दिलाय हा आजार, प्रेमानं वाढून दिलाय. मला तू जिवंत हवीयस, टवळे. माझा जीव आहे तुझ्यावर, म्हणून तुझं झाकण वेगळं.”

रिम्मा आठवडाभर पाठ फिरवून जेवली. मग एके दिवशी तिनं गुपचूप एक झाकण उचललं आणि खिळ्यानं त्यावर आपलं नाव कोरलं. सावेतानं तर सुईच सोडली. पण कित्येक वर्षांची सवय चार झाकणांनी सुटत नसते. घाई असली, धसका असला, की हात मगाकडेच जाई.

पुढच्या वसंतात राजधानीतून खबर आली. सीवर गोळ्या निघाल्या होत्या. तीन महिने रोज एक, की विषाणू साफ. जगात त्या निघून बराच काळ झाला होता, पण आमच्याकडे सगळं जरा दमानंच येतं. बोतनारूनं गाफियाला बोलावून घेतलं.

“या खेपेला आपल्या वाट्याला एकाच बाईपुरतं औषध आलंय. मी तुमचं नाव दिलंय. तुमचं लिव्हर दगड होत चाललंय, गाफिया. पुढच्या खेपेपर्यंत थांबायला वेळ नाही तुमच्याकडे.”

“आणि रिम्मा? झाम्फिरा? त्यांनाही सीच आहे.”

“जी अजून टोचून घेते तिला नाही. बरी झाली तरी पुन्हा लागण होते, औषध फुकट जातं. तसा नियमच आहे.”

“मग मी बरी झाले आणि माझ्या किटलीतल्या तिघी तशाच राहिल्या, तर मला नाही का पुन्हा लागण व्हायची?”

“तुम्ही मेथाडोनवर आहात. टोचून घेत नाही तुम्ही.”

“कोण म्हणालं?”

बोतनारू खिडकीबाहेर बघायला लागला. “मी काही ऐकलं नाही.”

“मोठ्यानं सांगू?”

“गाफिया, कृपा करा. औषध कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीतली माणसं येतील. एकच प्रश्न विचारतील. ‘नाही’ म्हणा आणि जगा. सगळ्या नाहीच म्हणतात.”

बराकीतही सगळ्यांचं तेच म्हणणं. झाम्फिरानं तर तालीमच सुरू केली. पलंगावर पाय सोडून, उशी पोटाशी धरून ती समिती झाली आणि ट्रॉलीबसच्या आवाजात ओरडली, “बोला बाई, टोचून घेता का?”

“घेते,” गाफिया म्हणाली.

“अगं ए भवाने, नाही म्हणायचं! पुन्हा. टोचून घेता का?”

“तू देतेस का?”

सगळ्या खिदळल्या. रिम्मा हसली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. “घे तू,” ती म्हणाली. “आमच्यासाठी मरायचं काही नडलेलं नाही. तू मेलीस तर किटली मी घेणार, एवढं सांगून ठेवते.”

“किटली सावेताची,” गाफियानं बजावलं. मरणाला ती भीत नव्हती असं नाही. संध्याकाळी पाय सुजायचे, बोट दाबलं की खड्डा पडायचा. पावेलचे पायही असेच सुजलेले तिनं पाहिले होते. तिला जगायचं होतं. फक्त या तिघींना मागे ठेवून, आपल्याच मगातलं विष त्यांच्या अंगात सोडून, आपण तेवढं धुऊन बाहेर पडायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

समिती आली. दोन पुरुष आणि राखाडी कोटातल्या अध्यक्षबाई. दवाखान्याच्या खोलीत टेबलावर गोळ्यांचं खोकं होतं, लहानसं, पांढरं. गाफियाला उभं केलं. बोतनारू कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा.

“तुम्ही अजून टोचून घेता का?” अध्यक्षबाईंनी मान वर न करता विचारलं.

“हो.”

बोतनारूला खोकला आला. अध्यक्षबाईंनी आता मान वर केली.

“प्रश्न समजला ना तुम्हाला?”

“समजला की. रोज नाही घेत. ईस्टरनंतर लोक जेवण घेऊन थडग्यांवर जातात ना, आपल्या माणसांना भेटायला? माझ्या भावापाशी त्या दिवशी कुणी नसतं. त्या दिवशी घेते. घरच्या पत्राची वाट बघून थकते तेव्हा घेते. एकटी घेत नाही पण. आम्ही चौघी आहोत, एका किटलीच्या.”

“मग तुम्हाला औषध देता येणार नाही.”

“एकटीला देऊच नका, वाया जाईल. छप्पर गळत असताना नुसती एक चटई वाळवून काय होणार, मॅडम? चौघींना एकदम द्या. मग विषाणूला जायला जागाच उरणार नाही आमच्यात.”

“तुम्ही आम्हाला अट घालताय?”

“लिव्हर माझं आहे. अट कुणी घालायची मग?”

पुरुषांपैकी एक जण हसला आणि अध्यक्षबाईंनी बघताच गप्प झाला. गाफियाचं नाव कापलं गेलं. शिवाय भर समितीसमोर गुन्हा कबूल केला म्हणून तिची पार्सलं बंद झाली ती वेगळीच. ती बराकीत परतली तेव्हा सगळ्यांनी कपाळावर हात मारून घेतले. ती मात्र ताठ मानेनं आली, किटली भरली आणि म्हणाली, “साखर बेतानं घाला, पार्सल यायचं नाही.”

त्यानंतर जे झालं त्यासाठी मात्र तिची तयारी नव्हती. खोकं तसंच परत न्यायचं नव्हतं, म्हणून समितीनं पुढचं नाव पुकारलं. सावेता. तिनं सुई सोडलेली, नियमात अगदी चपखल बसणारी. गाफियाचा आनंद गगनात मावेना. तिनं पोरीचे केस विंचरले, स्वतःचा धुतलेला ब्लाउज तिच्या अंगावर चढवला.

“जा. तीन महिन्यांत मोकळी होशील.”

सावेता गेली आणि चहा निवायच्या आत परत आली. हात रिकामे.

“काय झालं?”

“मी म्हटलं, बाकीच्या तिघींना देणार का? नाही म्हणाले. मग मीही नाही म्हटलं.”

गाफियानं तिच्या थोबाडीत मारली. बराकीत तिचा हात कधी कुणावर उठला नव्हता. “गाढवे! तुला मुलगी आहे! हे खूळ माझं होतं, तुला कुणी सांगितलं ते डोक्यात घ्यायला?”

“मार, अजून मार,” सावेताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. “मला मुलगी आहे, तशी तुला मी आहे. तू नाही म्हणू शकतेस, आणि मी नाही होय?”

गाफिया पलंगावर बसली आणि रडली. सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी. राग होता, भीती होती, आणि आपल्यामागे कुणी इतकं उभं राहावं याचं नवल तर पोटात मावत नव्हतं. झाम्फिरानं तिच्या पाठीवर थाप मारली. “रड, रड. तुझंच औषध तुला पाजलं पोरीनं.”

समितीनं तिसरं नाव पुकारलं, दुसऱ्या बराकीतलं. तोवर गोष्ट तुरुंगभर झाली होती. त्या बाईनं आत जाताच विचारलं, “आणि माझ्या किटलीच्या दोघींचं काय?” चौथीनंही तेच. पांढरं खोकं टेबलावरच राहिलं. खोक्यावर मुदतीची तारीख असते, आणि फुकट आलेलं औषध मुदत टळून वाया गेलं तर वरच्यांना काय तोंड दाखवायचं, हे अध्यक्षबाईंना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. द्राक्षतोडणीच्या आधी त्या स्वतः आल्या, तडक बराकीत.

“कुठली ती किटली?” त्यांनी विचारलं.

झाम्फिरानं किटली उचलून दाखवली. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

“दुसऱ्या एका तुरुंगात तीन कोर्स उरलेत. चौघींना मिळतील. पण एक ध्यानात ठेवा. यातला एक जरी वाया गेला ना, तर ज्यांनी मला या प्रकरणात वेड्यात काढलंय त्यांचं खरं ठरेल. मग टोचून घेणाऱ्या बाईला इथं पुन्हा गोळी दिसायची नाही.”

“वाया जायची नाही,” गाफिया म्हणाली.

रोज सकाळी चौघी रांगेत उभ्या राहायच्या. गोळी, पाणी, मग नर्स बॅटरी लावून जिभेखाली बघायची. झाम्फिरा ओरडायची, “तिकीट, तिकीट दाखवा!” आणि चौघी आ वासायच्या. झाकणं आता कुणी विसरत नव्हतं. गाफियाच्या डोळ्यांतला पिवळेपणा जरा उतरला. पायांची सूज मात्र गेली नाही. दगड झालेलं पुन्हा मऊ होईलच असं नाही, हे बोतनारूनं आधीच सांगितलं होतं. तरी तिला भूक लागू लागली. कितीतरी दिवसांनी ती मामालिगा दुसऱ्यांदा मागून घेऊ लागली.

गोळ्या संपल्या आणि त्याच आठवड्यात रिम्माची बदली झाली. शिवणखात्यात माणसं कमी पडत होती, म्हणून तिला पलीकडच्या बराकीत हलवलं. गाफियानं वॉर्डनशी तोंड वाजवलं, उपयोग झाला नाही. जाताना तिनं रिम्माच्या हातात तिचं झाकण दिलं. वर दोन कोरी दिली.

“नव्या घरात पहिल्या दिवशीच काढून ठेव. लाजू नकोस.”

“मी आणि लाजणार?” रिम्मानं नाक मुरडलं.

शेवटची तपासणी थंडीत झाली. रक्त राजधानीला गेलं आणि निकाल घेऊन अध्यक्षबाई स्वतः आल्या. चौघींना त्याच खोलीत उभं केलं. बोतनारूचा चेहरा पडलेला पाहूनच गाफियानं ओळखलं, की काहीतरी बिनसलंय. आधी तिला वाटलं, आपलंच.

“सावेता, साफ,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “झाम्फिरा, साफ. गाफिया, साफ.” मग थांबून म्हणाल्या, “रिम्माच्या रक्तात विषाणू आहे. औषधानं गेला होता, गोळ्या संपल्या तेव्हाच्या तपासणीत नव्हता. नवा घेतलाय त्यांनी. जे व्हायला नको होतं तेच झालंय.”

सावेतानं तोंडावर हात ठेवला. रिम्मा भिंतीशी उभी होती, हनुवटी छातीला टेकलेली. समितीची तिला पर्वा नव्हती. गाफियाकडे बघायचा मात्र धीर होत नव्हता तिला.

“झाकणं खिशातच होती,” ती पुटपुटली. “मी नवीन होते त्यांच्यात. मगातून नाही घेतलं असतं तर म्हणाल्या असत्या, ही खबरी आहे, नाहीतर आम्हाला घाण समजते. किटलीवर घेतलंच नसतं मला. मी एकटी पडले असते, गाफिया.”

गाफियाला पहिल्यांदा तिच्या कानफटात मारावंसं वाटलं. पाठोपाठ आठवलं, की आपण चाळिशीत होतो तेव्हा आपणही हेच केलं असतं, आणि केलंच होतं. तिनं रिम्माची हनुवटी धरून वर केली.

“कितीजणी आहात त्या मगावर?”

“नावं नाही सांगणार मी.”

“नावं विचारली का कुणी? किती?”

“दोघी. आणि मी.”

“आहे ना त्यांनाही सी?”

“दोघींनाही.”

“बघा,” अध्यक्षबाई बोतनारूकडे वळल्या. “आता मी वरच्यांना काय सांगू? यांच्या नादी लागून मी चार कोर्स…”

गाफियानं खोलीतली एकुलती रिकामी खुर्ची ओढली. समितीसमोर कैद्यानं बसायचं नसतं. तिनं खुर्ची टेबलाला भिडवली, सुजलेल्या पायांवर हात टेकून बसली आणि अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत डोळे घातले.

“सांगा, की आमची मोजदाद चुकली होती,” ती म्हणाली. “आम्ही चौघी नव्हतो, सहाजणी आहोत. आणखी तीन कोर्स लागतील. रिम्माचा पहिला लिहा.”